एक्स-रे स्वच्छ, पण चावून सोडताना सणक: दाढेला तडा आहे का? आधी कॅप की रूट कॅनाल?

कर्वेनगरकर

प्रश्न एकाच दाढेचा आहे, पण दोन दवाखान्यांत दोन उत्तरं मिळाली म्हणून इथे विचारतो आहे.

दाढ खालची, डावीकडची, दुसरी. त्या बाजूला अक्कलदाढ नाही. चांदी भरलेली आहे, पंधराएक वर्षं जुनी आणि बरीच रुंद. महिनाभर असं होतंय की फुटाणा किंवा भाकरीचा कडक पापुद्रा चावताना काही नाही, पण दाब सोडला रे सोडला की सणक. तीही प्रत्येक घासाला नाही, दहातल्या एखाद्याला. गार पाण्यानं दोन-तीन सेकंद शिवशिवतं आणि थांबतं. गरम चहाचा त्रास नाही, रात्री दुखत नाही, सूज नाही. एक्स-रे स्वच्छ.

एका ठिकाणी सांगितलं, तडा असणार, रूट कॅनाल करून कॅप घाला. दुसरीकडे म्हणाले, एक्स-रेत काही नाही, सेन्सिटिव्हिटीची पेस्ट वापरा आणि सहा महिन्यांनी या.

एक्स-रेत न दिसणारा तडा सापडतो कसा? नस जिवंत असताना रूट कॅनाल लागतंच का? आणि हाड जुळतं तशी ही चीर आपोआप बुजते का?

एंडो_धनकवडी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बुजत नाही. हाडात जिवंत पेशी असतात, त्या नवं हाड घालतात. एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक कवच, घडवणाऱ्या पेशी दात तोंडात यायच्या आधीच संपलेल्या असतात. त्यामुळे तड्यावरचा कुठलाही उपचार तडा सांधत नाही, तो फक्त दोन्ही बाजू चावताना फाकू देत नाही. पिंपाला लोखंडी पट्टा ठोकतात तसं.

'सोडताना सणक' ही तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. एनॅमलच्या खालच्या डेंटीनमध्ये अतिशय बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. चावताना चीर किंचित उघडते, दाब सुटला की झटक्यात मिटते, नळ्यांतल्या द्रवाला हिसका बसतो आणि आतल्या टोकाची नस ओरडते. घास दाढेच्या नेमक्या तडकलेल्या उंचवट्यावर पडला तरच हे होतं, म्हणून दहातला एखादाच घास लागतो. १९६४ साली कॅमेरॉन या दंतवैद्यानं या लक्षणांच्या गटाला 'क्रॅक्ड टूथ सिंड्रोम' हे नाव दिलं, तेव्हापासून निदानाची अडचण तीच आहे: पेशंटला दुखणारी बाजू सांगता येते, दात सांगता येत नाही. कधीकधी वरचा की खालचा हेही नाही.

तुमची दाढ या यादीत अगदी वरची आहे. जबडा म्हणजे अडकित्ता. सुपारी आपण अडकित्त्याच्या टोकाशी धरत नाही, बिजागरीजवळ धरतो, कारण जोर तिथे जास्त. खालची दुसरी दाढ त्या बिजागरीजवळ बसलेली आहे. त्यात रुंद चांदी. १९८९ मध्ये उपदाढांवर केलेला एक प्रयोग आमच्याकडे नेहमी सांगितला जातो: नुसत्या रूट कॅनालच्या छिद्रानं दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्के कमी झाला, चावण्याच्या पृष्ठभागावरच्या साध्या खड्ड्यानं २० टक्के, आणि पुढची-मागची दोन्ही काठं कापून केलेल्या खड्ड्यानं ६३ टक्के. म्हणजे दात कमकुवत होतो तो बहुतेक काठं गेल्यामुळे. शिवाय गरम-गार होताना चांदी दाताच्या साधारण दुपटीनं फुगते-आकसते. पंधरा वर्षं रोज.

एक्स-रेबद्दल. खालच्या दाढेतला तडा बहुधा पुढून मागे जातो. एक्स-रेचा किरण गालाकडून जिभेकडे जातो, म्हणजे तड्याच्या पानावर आडवा आदळतो. घडीची पोळी वरून बघा, एकच दिसते. कडेनं बघा, पदर दिसतात. किरण कडेनं जात नाही म्हणून पदर दिसत नाहीत, एवढंच. सीबीसीटी, म्हणजे दातांच्या थ्रीडी स्कॅननंही बारीक चीर सहसा दिसत नाही, त्यात चांदीचे पांढरे फराटे सगळं झाकून टाकतात. स्कॅनचा उपयोग मुळाभोवतीचं हाड गेलंय का ते बघायला. 'एक्स-रे स्वच्छ म्हणजे दात ठीक' हे वाक्य इथे लागू नाही.

मग सापडतो कसा, तर या क्रमानं:

आधी एक प्लॅस्टिकची छोटी पाचर, तिच्या टोकाला वाटीसारखा खळगा. तो खळगा दाढेच्या एकेका उंचवट्यावर बसवून चावायला लावायचं, काही सेकंद धरायचं, पटकन सोडायचं. खालच्या दुसऱ्या दाढेला सहसा चार उंचवटे, म्हणजे चार वेळा. ज्या उंचवट्यावर सोडताना सणक आली तो ठरला. दोन्ही शेजाऱ्यांवर आणि वरच्या दाढेवरही हेच करायचं. कापसाच्या बोळ्यावर चावायला लावून भागवलं तर दात कळेल, उंचवटा कळणार नाही.

मग खोलीतला दिवा मंद करून दाताला बाजूनं बारीक प्रकाश लावायचा. खरा तडा असेल तिथे प्रकाश अडतो आणि पलीकडचा भाग काळा दिसतो. नुसती वरवरची रेघ असेल तर सगळा दात उजळतो.

मग हिरडीच्या कडेनं मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई मिलिमीटर-मिलिमीटर सरकवत फिरवायची. सगळीकडे २-३ मिमी आणि एकाच अरुंद जागी ती अचानक ६-७ मिमी आत गेली तर तडा मुळावर उतरलाय. ही पायरी घाईत गाळली जाते आणि दात वाचणार का हे मुख्यतः तीच सांगते.

शेवटी जुनी चांदी काढायची. तिच्याखाली बघितल्याशिवाय तड्याबद्दल खात्रीनं बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तळाला मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब, धुवायचं, निळी रेघ राहिली की भिंगाखाली तिची दोन्ही टोकं शोधायची. दोन भाग हलक्या हातानं फाकवून वेगवेगळे हलले तर तो तडा नाही, दात दुभंगलाय, आणि मग वाचवण्याच्या गप्पा संपल्या.

रेषा_दिसतात

मध्येच विचारते, माफ करा. वरच्या पटाशीच्या दातांवर उभ्या बारीक रेषा आहेत, मोबाइलचा टॉर्च लावला की दिसतात. दुखत काही नाही. हेही तडेच का?

एंडो_धनकवडी

एनॅमलच्या वरच्या थरातल्या रेघा. मोठ्यांमध्ये बहुतेकांना असतात. दुखत नसेल, टवका उडाला नसेल तर काही करायचं नाही. दोऱ्याचं टोक त्या दातांनी तोडायची सवय असेल तर ती मात्र सोडा.

कॅपब्रिज_औंध

नस जिवंत असताना रूट कॅनाल हवंच का, यावर.

ते तडा आहे की नाही यावर ठरत नाही, नस कुठल्या अवस्थेत आहे यावर ठरतं. गार फवारा मारलेला बोळा दाताला लावायचा. कळ आली आणि बोळा काढल्यावर काही सेकंदांत गेली: नस चिडली आहे, शांत होऊ शकते. कळ अर्धा मिनिट आणि त्याहून जास्त रेंगाळली, गरमानं उठली, काही न खाता आपोआप ठणका लागला, रात्री उठवलं: नस परत येणार नाही, रूट कॅनाल. काहीच जाणवलं नाही: बहुधा मेली आहे, रूट कॅनाल. कर्वेनगरकर, तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्ही पहिल्या गटात बसता. तेव्हा सरळ रूट कॅनाल ही घाई, आणि पेस्ट लावून सहा महिने थांबा हा निष्काळजीपणा. पेस्ट नळ्यांची तोंडं बुजवते, फाकणारी चीर धरून ठेवत नाही.

मधला मार्ग असा. चांदी काढून तडा बघायचा, पोकळी काँपोझिटनं, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगनं, चिकटवून भरायची आणि दाताभोवती क्लिपांच्या उपचारात दाढेला लावतात तो स्टीलचा बँड ग्लास आयोनोमर सिमेंटनं बसवायचा. दाढ वरून किंचित घासून खाली घ्यायची, चावताना वरच्या दाढेवर आपटायला नको. दोन ते चार आठवडे असं ठेवायचं. चावताना-सोडताना सणक थांबली आणि गार लागणं कमी झालं तर कायमची कॅप किंवा ऑनले, म्हणजे फक्त वरचे उंचवटे झाकणारं चिकटवलेलं झाकण. दुखणं तसंच राहिलं किंवा वाढलं तर आधी रूट कॅनाल, मग कॅप.

बँडमुळे हिरडी थोडी लालसर होईल, कडेला अन्न अडकेल, मऊ ब्रशनं तिथे रोज साफ करा. त्या बाजूनं चिक्की अजिबात नाही, बँड उपटून हातात येतो.

कायमचं काय घालायचं? महत्त्व 'सगळे उंचवटे झाकले जाणं' याला आहे, साहित्याला त्यानंतर. नुसतं नवं फिलिंग मधल्या खड्ड्यात भरलं तर उंचवटे उघडेच राहतात आणि चीर पुढे सरकते. लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकचा ऑनले घातला तर बाजूच्या भिंती कमी कापाव्या लागतात, पण वरून दीड ते दोन मिमी जागा लागते आणि चिकटवताना दात कोरडा राहायला हवा, म्हणजे रबर डॅम, दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा. तोंड कमी उघडत असेल, हिरडीतून रक्त येत असेल तर तिथे चिकटवण्याचा हट्ट नको, झिरकोनियाची पूर्ण कॅप बरी. तिला वरून एक ते दीड मिमी पुरतात. कॅपची कड शक्य तिथे तड्याच्या टोकाच्या पलीकडे न्यायची. तडा पूर्ण खणून काढायच्या मागे मात्र लागायचं नाही, त्यात निरोगी डेंटीन जातं आणि नस उघडी पडते.

पेठेतला_जनरल

पुस्तकात बँड छान दिसतो. सणक थांबली की पेशंट चार आठवड्यांनी परत येत नाही, हे पुण्यातल्या प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरला माहीत आहे. बँड सहा महिने तसाच, सिमेंट धुतलेलं, खाली कीड. त्यापेक्षा त्याच बैठकीत रूट कॅनाल आणि आठवड्यात कॅप, प्रकरण मिटलं.

कॅपब्रिज_औंध

मुद्दा रास्त आहे, उत्तर पटत नाही. परत न येणारा पेशंट रूट कॅनालनंतरही कॅपला येत नाही, आणि तेव्हा दात जास्त धोक्यात असतो. ज्याची खात्री नाही त्याला बँडऐवजी त्याच दिवशी उंचवटे दीड-दोन मिमी उतरवून काँपोझिटचं पूर्ण झाकण द्या. तो दोन महिन्यांनी उगवला तरी दात झाकलेला असतो.

एंडो_धनकवडी

दोघांनाही एक आकडा. चिडलेली पण परतू शकणारी नस असलेल्या तडकलेल्या दातांवर थेट कॅप घातली तर साधारण पाचातल्या एकाला पुढच्या सहा महिन्यांत रूट कॅनाल लागतं. उलट बाजूनं वाचा: पाचातल्या चारांना तेवढ्या काळात लागत नाही. म्हणून सगळ्यांचं आधीच करून टाकणं मला पटत नाही. पण कॅप घालतानाच पेशंटला हे स्पष्ट सांगावं, नाहीतर तिसऱ्या महिन्यात कॅपला भोक पाडताना भांडण होतं.

रूट कॅनाल करावं लागलंच तर दात उघडल्यावर पल्पच्या, म्हणजे नसेच्या, खोलीचा तळ मायक्रोस्कोपखाली बघायचा. तडा भिंतीवर थांबला असेल तर पुढे जाता येतं. तळावरून आरपार गेला असेल तर तिथेच थांबून दात काढण्याचं बोलावं. तळ न बघता पूर्ण रूट कॅनाल आणि कॅपचे पैसे घेऊन वर्षानं दात काढणं यात कुणाचंच भलं नाही.

रूट कॅनालनंतर दाढ कॅपशिवाय महिन्यापेक्षा जास्त ठेवू नका. 'आता दुखत नाही, बघू दिवाळीनंतर' यातच उरलेली भिंत कडबोळ्यावर जाते. जुन्या रूट कॅनालच्या दातात वेगळाच प्रकार होतो, मूळ उभं चिरतं. हिरडीच्या कडेजवळ पुटकुळी येते-जाते, एकाच जागी सळई खोल जाते. एका मुळाच्या दातात ते म्हणजे काढणं. दाढेत कधीकधी चिरलेलं मूळ तेवढं काढून बाकीचा दात ठेवता येतो.

नाइटगार्ड_लॅब

तडा का गेला हे बघितल्याशिवाय कॅप घातली तर पुढचा नंबर शेजारच्या दाढेचा. झोपेत दात खाता का? स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. उंचवटे घासून सपाट झालेत का, सकाळी गालाचे स्नायू आखडलेले असतात का, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे दिसतात का, ते डॉक्टर बघतील.

झोपताना दातांवर घालायचा गार्ड हवा तो कडक ॲक्रिलिकचा, तुमच्या मापावरून, बहुधा वरच्या दातांना. दाढांपाशी साधारण २ मिमी जाड. बसवताना निळ्या कागदावर चावायला लावतात, तेव्हा दोन्ही बाजूंना सगळ्या दातांच्या खुणा सारख्या उठल्या पाहिजेत. एकाच दाढेवर गडद ठिपका असेल तर त्या गार्डनं फायदा नाही, उलट तिथेच मार बसेल, घासून घ्या. ऑनलाइन मिळणारे गरम पाण्यात मऊ करून चावायचे गार्ड नकोत, मऊ वस्तू मिळाल्यावर काही जण जास्तच चावतात. नवी कॅप घालायची असेल तर गार्ड कॅपनंतर करा, आधी केला तर बसणार नाही.

धुवायचा गार पाण्यानं आणि साध्या साबणानं. टूथपेस्टनं ओरखडे पडतात, गरम पाण्यानं वाकतो. आणि डबीतच ठेवा, घरात कुत्रा असेल तर दुप्पट काळजी, थुंकीचा वास आला की गार्ड त्याचाच.

गार्ड दात खाणं थांबवत नाही, त्याचा मार वाटून घेतो. घोरण्याबरोबर श्वास अडकत असेल तर ते आधी तपासा. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही दात खाणं वाढतं, पण गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं.

दिवसाचं काय? ओठ मिटलेले, दात सुटे. एरवी वरच्या-खालच्या दातांत दोन-चार मिमी फट असायला हवी. मॉनिटरच्या कडेला आणि स्कूटरच्या आरशावर एकेक रंगीत टिकली लावा, दिसली की जबडा सैल. सिग्नलला थांबल्यावर दात किती आवळलेले असतात ते पाहून तुम्हालाच नवल वाटेल.

पेठेतला_जनरल

खाण्याचं मी सांगतो, ते तरी वाद न होता होईल. खडी सुपारी, खारकेची बी, न फुटलेला मक्याचा दाणा, बर्फ, डिंकाच्या लाडवातला न फुललेला डिंक, मटणाच्या रश्श्यातली नळी दाढेनं फोडणं: हे बंद. बाकरवडी, चकली चालेल, पण तुकडा करून आणि दोन्ही बाजूंनी. तांदूळ-डाळ निवडून घ्या, भाताच्या मऊ घासात खडा आला की जबड्याला जोर आवरायला वेळच मिळत नाही, सगळा दाब एका बिंदूवर. मस्तानी संपवून लगेच अमृततुल्यचा उकळता चहा हाही दातांवर अत्याचार, निदान मध्ये दहा मिनिटं जाऊ द्या.

उपचारापर्यंत त्या बाजूनं चावू नका. गोळीची गरज लागली तर मोठ्या माणसाला जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ, सोबत पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ चालतं. अल्सर, किडनीचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, गोळीनं उठणारा दमा यांत आयब्युप्रोफेन नाही. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉल. केमिस्टकडून अँटिबायोटिक आणू नका, नसेच्या सणकेवर त्याचा काही उपयोग होत नाही. लवंग तेल हिरडीला लागलं तर भाजतं, आणि तडकलेल्या दातात ओतून ठेवलं असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यातल्या युजेनॉलमुळे काँपोझिट नीट घट्ट होत नाही.

टवका उडालाच तर तुकडा घासूनपुसून कागदात गुंडाळू नका, दुधात किंवा पाण्यात घालून न्या. पुढच्या दाताचा असेल तर बऱ्याचदा तोच परत चिकटवता येतो.

कर्वेनगरकर

सगळ्यांचे आभार. म्हणजे मी जाऊन नेमकं काय मागू? आणि खर्च जरा बेताचा हवा असेल तर कॉलेजमध्ये हे होतं का?

एंडो_धनकवडी

होतं. धनकवडीचं भारती विद्यापीठ, आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील, यांपैकी कुठल्याही डेंटल कॉलेजात कॉन्झर्व्हेटिव्ह आणि एंडोडॉन्टिक्स विभाग विचारा. तिथे एमडीएसचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात. वेळ जास्त जातो, दोन-चार खेपा धरून चाला.

मागायचं ते चार गोष्टी: एकेका उंचवट्यावर चावण्याची टेस्ट, गार टेस्ट शेजारच्या दातांसकट, हिरडीची खोली सहा जागी लिहून, आणि चांदी काढल्यावर तळाचा फोटो. फोटो तुमच्या मोबाइलवर घ्या, पुढे दुसरं मत घ्यायचं झालं तर एक्स-रेपेक्षा तोच कामाला येईल. जुना एक्स-रेही न्या.

आणि त्या दिवशी सकाळी पेनकिलर घेऊन जाऊ नका. दाढ शांत बसेल, पाचरीवर कितीही चावलात तरी काही लागणार नाही, आणि 'काही सापडलं नाही' म्हणून पुन्हा पेस्ट हातात मिळेल.